विटेवरचा पाहुणा

पुंडलिकाची कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. तो आईवडिलांचे पाय चेपत बसला होता आणि देव दारात आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही आणि देवाला परतही लावले नाही. हाताशी असलेली वीट मागे सरकवली आणि तिच्यावर थांबायला सांगितले. या कथेत आपण भक्ताचा थोरपणा पाहतो, देवाचे भक्तवेडेपण पाहतो. आतिथ्याच्या अंगाने ती वाचली तर तिच्यात यजमानाचे दोन निर्णय दिसतात. घरातल्या थकल्या माणसांची सेवा चालू असताना प्रत्यक्ष देवालाही थांबवता येते, हा पहिला. आणि ज्याला थांबवले त्याच्या पायांखाली चिखल राहू द्यायचा नाही, हा दुसरा. पहिला यजमानाचा हक्क, दुसरे त्याचे कर्तव्य. मार्च २०२०मध्ये गोव्याने आपल्या सीमा बंद केल्या आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडल्या, त्या काळाचा नैतिक हिशोब मांडायला यापेक्षा नेमके माप मला सापडत नाही. प्रवासी आता परतले आहेत. अशा वेळी पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतल्या छोट्या पर्यटन व्यवसायांना आधार का द्यायचा आणि कोणत्या अटीवर द्यायचा, याचे उत्तरही त्या विटेपाशीच शोधावे लागेल.

पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे उत्तरेकडचे उंबरठे. पोर्तुगीजांच्या ताब्यात डिचोली गेली ती १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पेडणे १७८८मध्ये; त्याआधी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. नकाशावरची रेघ नवी आणि माणसांची ये-जा जुनी, अशी इथली गत आहे. बांद्याचा माणूस पत्रादेवीतून येतो, आरोंद्याचा किरणपाणीतून, दोडामार्गचा थेट डिचोलीत उतरतो. जत्रेतला दहिकाला सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळींशिवाय रंगत नाही. सोयरिकी, कुळदेवता, आठवड्याचा बाजार, सारे रेघेच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहे. बंद दारही या रेघेला नवे नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी आवळली आणि १९६१पर्यंत या बाजूचे नातलग त्या बाजूला सहज भेटू शकले नाहीत. ज्या गावी त्या हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे, त्याच गावच्या नाक्यावर २०२०च्या मार्चअखेरीस पुन्हा अडसर पडला.

तो अडसर घालणे चूक होते का? माझ्या मते नव्हते. एप्रिल २०२०मध्ये गोव्यातले पहिले सातही रुग्ण बरे झाले आणि काही आठवडे राज्यात एकही बाधित उरला नाही. दार लावून घेतल्याचा त्यात मोठा वाटा होता. पुढच्या वर्षी याच्या उलट घडले. २०२१च्या उन्हाळ्यात दार सताड उघडे असताना दुसरी लाट आली. मेच्या सुरुवातीला काही दिवस असे गेले की तपासलेल्या दर दोन माणसांत जवळपास एक बाधित निघत होता. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला आदेश द्यावा लागला आणि १० मेपासून बाहेरून येणाऱ्याला चाचणीचा निगेटिव्ह दाखला सक्तीचा झाला. घरात म्हातारी माणसे खाटेला खिळलेली असताना पाहुण्याला थांब म्हणणे अधर्म ठरत नाही. उलट न म्हणणे हा घरातल्यांचा अपराध ठरू शकतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५मध्ये राष्ट्राराष्ट्रांतल्या चिरशांतीवर निबंध लिहिला, त्यात त्याने हीच मर्यादा तर्काने आखली आहे. परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखे न वागवले जाण्याचा हक्क आहे, पण पाहुणा म्हणून ठेवून घ्या असे म्हणण्याचा नाही. त्याला परत पाठवता येते. मात्र परत पाठवल्याने त्याचा नाश होणार नसेल तरच.

कांटची ती शेवटची अट आणि पुंडलिकाची वीट एकच गोष्ट सांगतात, आणि त्या अटीवर आपण उणे पडलो. गोव्यातल्या हॉटेलांत, दुकानांत, कारखान्यांत रोज दुचाकीने येऊन काम करणारे सिंधुदुर्गातले तरुण महिनोन्महिने पलीकडे अडकले. मोठ्या दुखण्याला बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज हाच ज्यांचा आधार, अशा दोडामार्ग-सावंतवाडीच्या रुग्णांपुढेही तोच नाका आडवा आला. आत यायचे तर पैसे भरून चाचणी, आणि रोजंदारीवाल्याला ती परवडणारी नव्हती. दुसऱ्या बाजूला, हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर हंगामासाठी आलेले परदेशी विमाने बंद झाल्याने अडकून पडले. खास विमाने येईपर्यंत ते राहिले ते तिथल्याच लोकांनी भाड्याने दिलेल्या खोल्यांत, त्यांच्याच दुकानांतून घेतलेल्या तांदूळ-भाजीवर. थांबलेल्या पाहुण्याच्या पायांखालची वीट सरकारने दिली नव्हती. ज्यांचा हंगाम बुडाला होता, ज्यांच्या बाकीच्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, त्यांची घरेच त्या वेळी वीट झाली.

कठोपनिषदातली नचिकेताची गोष्ट इथे पुढचा मुद्दा हाती देते. नचिकेत यमाच्या दारी गेला तेव्हा यम घरी नव्हता. मुलगा तीन रात्री उपाशी बसून राहिला. परत आलेल्या यमाने, मी नव्हतो, माझा काय दोष, असे म्हटले नाही. पाहुणा दारात खोळंबला एवढेच त्याला पुरे झाले, आणि तीन रात्रींबद्दल त्याने तीन वर देऊ केले. खोळंब्याचे ऋण दोष नसतानाही लागू होते, असे हे उपनिषद मानते, आणि ज्याच्या घरी ते मानले गेले तो साक्षात मृत्यू आहे. हा नियम सीमाबंदीला लावून पाहावा. दार बंद करण्याचा निर्णय सगळ्यांच्या जिवासाठी होता आणि योग्य होता; पण त्याची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या घरापेक्षा खोली भाड्याने देणारे घर, मोटारसायकलचा पायलट, शॅकचा स्वयंपाकी, जत्रेत खाजे विकणारी बाई यांनी ती कैक पटीने सोसली. म्हणजे समाजाच्या सुरक्षिततेचा खर्च काही थोड्यांनी भरला. त्यांना आज आधार देणे हा उपकार ठरत नाही. ती खोळंब्याची भरपाई आहे, आणि भरपाई मागणाऱ्याने हात पसरून उभे राहायचे नसते.

ती भरपाई कुणापर्यंत पोहोचली हे पाहिले की खरा प्रश्न कळतो. २८ जून २०२१ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी पर्यटनक्षेत्रासाठी सरकारी हमीच्या कर्जाची योजना जाहीर केली: पर्यटन संस्थेला १० लाख रुपयांपर्यंत, परवानाधारक मार्गदर्शकाला १ लाखापर्यंत. त्याच वेळी पहिल्या ५ लाख परदेशी पर्यटकांना व्हिसा मोफत देण्याचे ठरले. योजनेचा हेतू चांगलाच होता. पण तिची कक्षा होती केंद्रीय मंत्रालयाने मान्यता दिलेले सुमारे १०,७०० मार्गदर्शक, राज्यांनी मान्यता दिलेले मार्गदर्शक आणि मंत्रालयाकडे नोंदलेल्या सुमारे हजारभर संस्था. सगळ्या देशात मिळून! हरमलच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने देणारी विधवा या यादीत कुठे बसते? हरवळ्याच्या धबधब्याजवळ शहाळी आणि चहा विकणारा कुठे बसतो? मान्यता हा शब्दच इथे कळीचा झाला. कागदावर जो व्यवसाय म्हणून उभा आहे त्याला आधार, आणि घर म्हणून उभे राहून जो व्यवसाय करतो तो यादीबाहेर. शिवाय कर्ज हे कर्जच. बुडालेल्या हंगामाची भरपाई म्हणून पुढच्या हंगामावर बोजा चढवणे एवढाच त्याचा अर्थ होता.

इथे पहिला आक्षेप येतो: आता कशाला हे उकरून काढायचे? पर्यटन तर सावरले. एकूण आकडे पाहिले तर आक्षेप बिनतोड वाटतो. २०१९मध्ये गोव्यात ८० लाखांहून जास्त पर्यटक आले होते. २०२१मध्ये ते ३३ लाखांवर आले आणि २०२४मध्ये १ कोटी ४ लाखांच्या घरात पोहोचले. ज्या राज्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती, त्याच्या अंगणात कोटीभर पाहुणे! पण त्याच आकड्यांच्या पोटात दुसरा आकडा आहे. २०१९मध्ये परदेशी पाहुणे ९ लाखांवर होते. २०२१मध्ये ते २२ हजारांवर घसरले आणि २०२४मध्येही पावणेपाच लाखांच्या आतच राहिले, म्हणजे जेमतेम निम्म्यावर. पेडण्याच्या किनारी गावांना हा फरक कळतो. चार महिने एकाच घरात खोली घेऊन राहणारा माणूस त्या घराचे भाडे भरतो, शेजारच्या दुकानातून दूध-पाव आणतो, मासळीवालीला ओळखतो. दोन दिवसांसाठी येणारा बहुधा फोनवरून मोठ्या हॉटेलात खोली घेतो आणि किनारा, नाच-गाणे, परतीचा रस्ता एवढेच पाहतो. दोघेही पाहुणेच, दोघांचेही स्वागत असावे. पण गर्दी परत आली म्हणजे घरे सावरली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मी ‘घर’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरतो आहे, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तोच आहे. आपल्या परंपरेत अतिथिधर्म सांगितला तो गृहस्थाला. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना आई, वडील आणि आचार्य यांच्या पंक्तीला अतिथीला बसवतो आणि चौघांनाही देव मानायला सांगतो. तो उपदेश आहे घर मांडायला निघालेल्या तरुणाला. गृहस्थाच्या रोजच्या पाच यज्ञांतही अतिथीला घास घालणे मोडते. संन्याशाला हे कर्तव्य नाही, कारण त्याला चूल नाही, उंबरठा नाही. ज्याला उंबरठा आहे तोच कुणाला आत घेऊ शकतो, आणि वेळ पडली तर थांबवूही शकतो. यातून सरळ निघते की आतिथ्य टिकवायचे असेल तर आधी यजमानाचे घर टिकले पाहिजे. घर गेले, जमीन विकली गेली, पोरे दुसऱ्याच्या हॉटेलात पाहुण्यांची ताटे उचलू लागली, तर त्या गावात प्रवासी कितीही येवोत, आतिथ्य करणारा कुणी उरत नाही. पर्यटकसंख्या वाढलेली आणि यजमान नाहीसा झालेला, अशी अवस्था येऊ शकते आणि किनाऱ्यावरच्या काही गावांत ती येत चालली आहे.

यावर जाणता माणूस विचारील, पैसे घेऊन केलेल्या सोयीला आतिथ्य कसे म्हणायचे? स्मृतिकारांचा अतिथी म्हणजे तिथी न ठरवता येणारा, एक रात्र राहून जाणारा. आजचा पर्यटक तारीख ठरवून, आगाऊ पैसे भरून येतो. फरक मोठा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. पण मोबदला आला की धर्म संपला, असे आपण इतर कुठे मानतो? वैद्य पैसे घेतो, शिक्षक पगार घेतो, तरी रोग्याशी आणि विद्यार्थ्याशी असलेले त्यांचे नाते पावतीपाशी संपत नाही. गोव्यातल्या देवळांनी तर या प्रश्नाचे उत्तर दगडचुन्यात बांधून ठेवले आहे. देवळाच्या आवाराला लागून अग्रशाळा असते. दुरून आलेला कुळावी तिथे उतरतो, खोलीचे ठरलेले पैसे देतो, देवाचा प्रसाद घेतो, सकाळी निघतो. त्या पैशाने तो गिऱ्हाईक होत नाही आणि देवस्थान हॉटेल होत नाही, कारण दोघांच्या वर तिसरे कुणीतरी आहे, ज्याच्या नजरेसमोर हा व्यवहार चालतो. पैसा घेतानाही ज्याला गावाची, देवाची, पुढच्या वर्षी पुन्हा तोंड दाखवण्याची चाड आहे, तो यजमान. ही चाड गावात राहणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला बाळगावीच लागते. नफ्याचा आकडा दूरच्या शहरात बसून पाहणाऱ्याला ती बाळगण्याचे कारण नाही. छोट्यांना झुकते माप द्यावे, याचे तात्त्विक कारण हेच.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. जो चांगली सेवा देतो तो टिकेल, नाही देत तो जाईल. सरकारने मध्ये का पडावे? पण सरकार मध्ये पडले ते आज नाही, २०२०मध्ये, आणि तेही योग्य कारणासाठी. सगळ्यांची दुकाने एका आदेशाने बंद झाली तेव्हा शर्यत थांबली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा ज्याच्याकडे दोन वर्षे बसून खाण्याइतके भांडवल होते तो पुढे उभा होता आणि ज्याच्याकडे नव्हते तो कर्जात. परदेशी पर्यटकांना व्हिसा १५ नोव्हेंबर २०२१पासून सर्रास मिळू लागले आणि नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २७ मार्च २०२२ला सुरू झाली, म्हणजे तो हंगाम संपता संपता. इतका काळ तग धरण्यात कर्तबगारीपेक्षा गंगाजळीचा भाग अधिक होता. शॅकचेच पाहा. बांबू, चटया आणि माडाच्या झापांचा हा मांडव पावसाळ्याआधी मोडायचा आणि पावसानंतर पुन्हा उभारायचा असतो. परवाना गोमंतकीयालाच मिळतो, दुसऱ्याला चालवायला देण्यास मनाई आहे. तरीही परवाना एकाच्या नावे आणि गल्ला दुसऱ्याच्या हाती, ही तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. भांडवल नसलेला माणूस शेवटी नाव भाड्याने देतो. घर उभे दिसते आणि आत यजमान नसतो.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात मुंगसाची कथा आहे. युधिष्ठिराच्या थोर यज्ञात एक मुंगूस येते, ज्याचे अर्धे अंग सोन्याचे आहे. कुरुक्षेत्रातल्या एका दरिद्री कुटुंबाने दुष्काळात आपले मूठभर सातू दारी आलेल्या भुकेल्याला दिले, आधी बापाने आपला वाटा, मग आईने, मुलाने, सुनेने. त्या सांडलेल्या पिठात लोळल्याने मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे युधिष्ठिराच्या यज्ञात झाले नाही. छोट्या घराच्या आतिथ्याची किंमत सांगायला ही कथा नेहमी पुढे केली जाते आणि ती खरीच आहे. पण तिच्यात एक धोकाही आहे. स्वतः उपाशी राहून दिलेले दान थोर, हे देणाऱ्याने स्वतःपुरते ठरवायचे असते; दुसऱ्याने, आणि विशेषतः राज्यकर्त्याने, गरिबाकडून ते गृहीत धरायचे नसते. २ जुलै २०२०ला गोव्याने देशी पर्यटकांसाठी हॉटेले उघडली, तेव्हा लस दूर होती. खोल्या झाडणाऱ्या, ताटे उचलणाऱ्या माणसाने आपला जीव पणाला लावून पाहुणचार करावा अशी अपेक्षा होती आणि पोटासाठी त्याला ती पुरवावी लागली. सातूचे पीठ मागणाऱ्या राजाने निदान त्या घरात पुढच्या दाण्यांची सोय केली पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. स्थानिकाला आधी, हे म्हणताच बाहेरच्याला नको हे ऐकू येऊ लागते. भायले आणि गोंयकार हा भेद गोव्यात आधीच धारदार आहे. सीमाबंदीने त्याला औषधाचे नाव मिळवून दिले होते. या भेदाला उत्तर पेडणे-डिचोलीच्या दैवतकथेतच आहे. सात बहिणी आणि एक भाऊ दूरदेशाहून या भूमीत आले, अशी लोककथा आहे. लईराई शिरगावला राहिली, केळबाय मुळगावला, महामाया मयेत, मोरजाय मोरजीत. आणि एक बहीण, मीराबाय, म्हापशात मिलाग्रीस सायबीण झाली, जिच्या फेस्ताला आजही हिंदू बायामाणसे तेल घेऊन जातात. ज्यांना आपण गावच्या राखणदार म्हणतो, त्या स्वतः एके काळी पाहुण्या होत्या. त्या गावच्या झाल्या कशाने? गावात राहिल्या, गावाचा भार उचलला, गावाची मर्यादा पाळली म्हणून. स्थानिकपणाचे माप जन्मदाखल्यापेक्षा हे असावे. रोज नाका ओलांडून येणारा सावंतवाडीचा आचारी, सात पावसाळे हरमलला काढलेली कर्नाटकातली कपडे विकणारी बाई, दहिकाल्याला येणारा दशावतारी नट, यांनी या गावांच्या आतिथ्याचा भार उचलला आहे. आधाराच्या कुठल्याही यादीत ते असले पाहिजेत. आणि पुन्हा कधी दार लावायची वेळ आली तर कामगाराचा रोजचा पास, रुग्णाची वाट आणि बुडालेल्या मजुरीची सोय ही आदेशाच्या पहिल्याच पानावर असली पाहिजे. दार लावण्याआधी वीट ठेवायची असते.

चौथा आक्षेप श्रद्धावानांचा. किनाऱ्याच्या गर्दीला पर्याय म्हणून आता अंतर्भागातली देवळे, लेणी, जत्रा दाखवा, असे धोरण आखले जात आहे. त्यातून देवाचाच देखावा होणार नाही का? ही भीती खोटी नाही. शिरगावची लईराईची जत्रा घ्या. वैशाख शुद्ध पंचमीआधी धोंड, म्हणजे देवीचे व्रतधारी भक्त, सोवळे पाळतात, तळ्यावर स्नान करतात, रंगीत गोंड्यांची वेताची काठी हातात घेतात, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्या असतात, आणि पहाटे होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून अनवाणी जातात. निखाऱ्यावर पडणाऱ्या त्या पावलामागे कित्येक दिवसांचे व्रत असते. मोबाइल उंचावून उभ्या असलेल्याला फक्त ठिणग्या दिसतात. ३ मे २०२५च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले आणि कित्येक जखमी झाले. देवीच्या दारी आलेला माणूस गुदमरून मरावा, यापेक्षा आतिथ्याचे अपयश कोणते? म्हणून यात्रेकडे पर्यटन म्हणून पाहायचे असेल तर पहिला खर्च जाहिरातीवर करू नये. रस्ता रुंद करणे, पाणी, सावली, गर्दी वाटून सोडणारे प्रशिक्षित स्वयंसेवक, आणि किती माणसे एका वेळी आत घ्यायची याचा निर्णय धोंडांच्या आणि गावकऱ्यांच्या हाती, यांवर तो आधी व्हावा. पुंडलिकाने देवाला थांबवले. जत्रेला आलेल्या माणसाला तासभर थांबवण्यात त्याचा अपमान नाही.

थांब म्हणण्याचा हा अधिकार माणसांपुरताही मर्यादित ठेवता येत नाही. मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवी येते, मागच्या पायांनी खळगा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि पाठ फिरवून समुद्रात जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात ती सर्वांत उजळ दिसणाऱ्या दिशेला धावतात. निसर्गात ती दिशा समुद्राची असते, दिव्यांनी लखलखणाऱ्या किनाऱ्यावर ती मद्यालयाची होते. पर्यटक बुडालेल्या हंगामाची भरपाई करील, पण त्यासाठी त्या कासवीचे बाळंतघर मोडावे लागत असेल तर तो सौदा यजमानाच्या धर्मात बसत नाही. तीही पाहुणीच, आणि तिची वारी आपल्या शॅकहून फार जुनी. छोट्या व्यवसायाला आधार देताना दिवे विझवण्याची, गाणी थांबवण्याची अट घालणे म्हणूनच न्याय्य आहे. आणि अट पाळल्याने जे उत्पन्न बुडेल ते भरून देणे हे सरकारचे काम.

पर्यटनच नको, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्या रागाला कारणे आहेत. त्यांना डिचोलीकडे पाहायला सांगावेसे वाटते. पिढ्यान्‌पिढ्या हा तालुका लोहखनिजावर जगला. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. ट्रकचे हप्ते राहिले, शेते गाळाने भरलेली राहिली. दोन वर्षांत महामारी आली. आता लिलावानंतर डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०२४पासून उत्खनन सुरू झाले आहे, आणि शिरगाव-मुळगावचे लोक आमची घरे, देवळे, तळी या पट्ट्यातून वगळा म्हणून झगडत आहेत. जमिनीतून एकदाच काढून घ्यायचे ते खनिज, आणि जमीन जपली तरच पुन्हा पुन्हा येतो तो पाहुणा. मयेचे तळे, हरवळ्याची लेणी, साखळीची दत्तवाडी, डिचोलीच्या कुंभाराची माती, यांच्यावर चालणारे पर्यटन खाणीसारखे खणता येत नाही. पण खाणीच्या वृत्तीने केले तर तेही सारे उपसून नेईल. निवड व्यवसायाची आहे त्यापेक्षा वृत्तीची अधिक आहे.

पेडण्यापुढे ही निवड मोपाच्या विमानतळाच्या रूपाने उभी आहे. ११ डिसेंबर २०२२ला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३पासून विमाने उतरू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला ४४ लाख प्रवाशांची आहे. ज्यांच्या जमिनी या पठारावर गेल्या आणि ज्यांनी आपल्याच विमानतळावर टॅक्सी लावण्यासाठी आंदोलने केली, त्यांचा प्रश्न दयेचा नाही, तो यजमानपदाचा आहे. उंबरठा आमचा आणि पाहुण्याचे स्वागत दुसऱ्याने करायचे, हे कुठल्या घराला रुचेल? टॅक्सीचा थांबा, विमानतळातली दुकाने, पेडण्याच्या मिरच्या आणि काजू, डिचोलीची मातीची भांडी यांना तिथे राखीव आणि परवडणारी जागा मिळावी. ग्रामपंचायतीच्या साध्या नोंदीवर घरातल्या दोन खोल्यांनाही सरकारी मदतीचा हक्क मिळावा. ती मदत पहिल्या हंगामापुरती कर्जाऐवजी अनुदानाच्या रूपात असावी. यात कुणाला अडवण्याचा भाग नाही. यजमानाला दारात उभे राहता यावे एवढीच मागणी आहे.

राज्याचा आधार कसा असावा, याचा नमुना डिचोली तालुक्यात नार्व्याला उभा आहे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले तेव्हा भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणले. तेव्हा ती नदीच सीमा होती. अलीकडे छळ, पलीकडे आसरा. देव परागंदा होऊन आला आणि नार्व्याच्या लोकांनी त्याला ठेवून घेतले. त्यांच्याकडे ना सत्ता होती ना संपत्ती. सुमारे शंभर वर्षांनी, १६६८मध्ये, शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख तिथे आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये नव्या जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा खुले झाले. महाराजांनी देव उचलून रायगडी नेला नाही, नार्व्याऐवजी दुसरी मोक्याची जागाही शोधली नाही. ज्या गावाने वाईट दिवसांत त्याला जागा दिली होती, त्याच गावात, त्याच जागी त्यांनी भिंती उभारल्या. सीमा बंद होत्या तेव्हा अडकलेल्या पाहुण्यांना खोली दिलेली घरे पेडण्यात अजून आहेत. राज्याने आता हात लावायचा तो त्यांच्या भिंतींना.